पेन्शनचा निधी मोठा असला की परतावाही मोठा मिळतो का?

दोन माणसांचं वय सारखं, पगार सारखा, पेन्शनसाठी दरमहा कापली जाणारी रक्कमही सारखी. एकाची कंपनी दोनशे माणसांची, आणि कंपनीपुरती एक छोटी पेन्शन योजना. दुसऱ्याची योजना अख्ख्या उद्योगाची, लाखो सभासदांची. दोन्ही योजनांनी पैसे गुंतवले ते त्याच शेअर बाजारात आणि तशाच रोख्यांत. तरीही चाळीस वर्षांनी दोघांच्या नावावर सारखीच रक्कम जमलेली असेल असं नाही, आणि फरक पडलाच तर तो बहुतेक वेळा पहिल्याच्या तोट्याचा असतो. यातली खटकणारी गोष्ट अशी की दोघांपैकी कुणीही आपली योजना निवडलेली नसते. नोकरी मिळाली तिथे जी योजना होती, ती नशिबी आली.

या लेखात खासगी पेन्शन योजना म्हणजे मालकाने, एखाद्या उद्योगाने किंवा वित्त कंपनीने चालवलेली, सभासदांच्या नावे पैसे गुंतवणारी योजना. तिचा आकार म्हणजे तिच्याकडे जमलेला एकूण निधी. काही योजनांमध्ये पेन्शन किती मिळणार हे आधीच ठरलेलं असतं; तिथे परतावा कमी पडला तर तूट मालकाला भरावी लागते. बाकीच्या योजनांमध्ये फक्त वर्गणी ठरलेली असते आणि शेवटी जे साठेल ते सभासदाचं. जगभर वाढ होते आहे ती या दुसऱ्या प्रकाराची. त्यात परताव्यातली प्रत्येक घट थेट सभासदाच्या खिशातून जाते, म्हणून आकाराचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त जिव्हाळ्याचा झाला आहे.

खर्चाचं गणित

सगळ्यात स्पष्ट दिसणारा फरक खर्चाचा आहे. योजना लहान असो की मोठी, हिशेब तपासणीस लागतो, भविष्यातल्या देण्यांचा हिशेब मांडणारा विमागणिती लागतो, वकील लागतो, रोखे सांभाळून ठेवणारी बँक लागते, विश्वस्तांच्या बैठका होतात, सरकारी नियामकाकडे विवरणपत्रं भरावी लागतात. यातला बराचसा खर्च निधीच्या प्रमाणात वाढत नाही. समजा, एका योजनेत १० कोटी जमा आहेत आणि या सगळ्यावर वर्षाला १० लाख जातात. म्हणजे निधीचा १ टक्का गुंतवणूक सुरू होण्याआधीच संपला. आता दुसरी योजना १०,००० कोटींची घ्या. तिचा खर्च पहिलीच्या पन्नास पट, म्हणजे ५ कोटी, धरला तरी तो निधीच्या फक्त ०.०५ टक्के होतो.

टक्का, अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण पेन्शनमध्ये काळ फार मोठा असतो. दरवर्षाच्या शेवटी १,००० जमा केले आणि सगळा खर्च वजा जाऊन ६ टक्के परतावा मिळत राहिला, तर ४० वर्षांनी सुमारे १ लाख ५४ हजार होतात. हाच परतावा ५.५ टक्के झाला तर सुमारे १ लाख ३६ हजार, आणि ५ टक्के झाला तर सुमारे १ लाख २० हजार. म्हणजे वर्षाला अर्धा टक्का गेला की शेवटच्या रकमेतला सुमारे १२ टक्के भाग जातो. पूर्ण टक्का गेला की २२ टक्के. माणूस तोच, बचत तीच, बाजार तोच.

याच्या जोडीला घासाघीस करण्याची ताकद येते. निधी व्यवस्थापक कंपन्या शुल्क टप्प्याटप्प्याने आकारतात: पहिल्या काही कोटींवर जास्त, पुढच्या रकमेवर कमी. मोठ्या योजनेचा बहुतेक पैसा स्वस्त टप्प्यात बसतो, लहान योजनेचा सगळाच महागड्या टप्प्यात. त्याच फंडाचे अनेकदा दोन प्रकार असतात, एक किरकोळ ग्राहकासाठी आणि एक संस्थांसाठी. आतली गुंतवणूक तंतोतंत तीच, शुल्क मात्र वेगळं. संस्थांसाठीच्या प्रकारात शिरायला किमान रकमेची अट असते आणि लहान योजना त्या उंबरठ्याबाहेरच राहते. अमेरिकेत नोकरदारांसाठी चारशेएक-के नावाच्या योजना असतात. त्यांतल्या छोट्या योजनांमध्ये एकूण खर्च १ टक्क्याच्या वर जाणं नवं नाही, आणि अतिमोठ्या योजनांमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या बराच खाली असतो.

स्वतःची माणसं

निधी आणखी वाढला की एक वेगळाच पर्याय खुला होतो: बाहेरच्या व्यवस्थापकाला पैसे देण्याऐवजी स्वतःचा गुंतवणूक विभाग उभा करणं. ५०,००० कोटींवर ०.४ टक्के शुल्क म्हणजे वर्षाला २०० कोटी. एवढ्या पैशात उत्तम पगाराची बरीच जाणकार माणसं, संगणक यंत्रणा आणि संशोधन हे सगळं भागून वर उरतं. १० कोटींच्या योजनेला एक जाणकार माणूसही परवडत नाही.

या विषयावरचा सर्वांत जास्त चर्चिला गेलेला अभ्यास अलेक्झांडर डिक आणि लुकाश पोमोर्स्की यांनी २०११ मध्ये मांडला. त्यांनी १९९० ते २००८ या काळातली पेन्शन योजनांची आकडेवारी तपासली. सर्वांत मोठ्या योजनांनी लहान योजनांपेक्षा वर्षाला ०.४३ ते ०.५० टक्के अधिक परतावा कमावल्याचं त्यांना दिसलं, तोही खर्च वजा करून आणि प्रत्येक योजनेच्या मानदंडाशी, म्हणजे तशाच गुंतवणुकीवर बाजारात मिळालेल्या परताव्याशी, तुलना करून. या फायद्याचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग निव्वळ योजनेच्या स्वतःच्या माणसांकडून गुंतवणूक करून घेतल्याने वाचलेल्या खर्चाचा होता. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या मानाने स्वतःच्या माणसांचा खर्च किमान तीन पटींनी कमी पडत होता. बाकीच्या फायद्यातला मोठा वाटा खासगी मालमत्तांमधून आला होता. वरच्या हिशेबातला अर्धा टक्का आणि त्यातून जाणारे १२ टक्के आठवा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

खासगी मालमत्ता म्हणजे बाजारात रोज खरेदी-विक्री न होणाऱ्या गोष्टी: शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांतला हिस्सा, इमारती, विमानतळ, जलवाहिन्या, वीजवाहिन्या. इथे आकाराचा फरक शेअर बाजारापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. खासगी कंपन्यांत गुंतवणारे प्रायव्हेट इक्विटी फंड रूढ पद्धतीने वर्षाला रकमेच्या २ टक्के आणि वर नफ्यातले २० टक्के घेतात. छोट्या योजनेला अशा फंडात थेट प्रवेश मिळत नाही. मिळालाच तर अनेक फंडांत पैसे टाकणाऱ्या मधल्या फंडामार्फत, म्हणजे शुल्कावर आणखी एक शुल्क. मोठी योजना मात्र फंडाला सांगू शकते की आम्ही तुमच्या फंडात मोठी रक्कम घालतो, पण एखादी चांगली कंपनी विकत घेताना आम्हालाही थेट सोबत घ्या. अशा सहगुंतवणुकीवर शुल्क फार कमी असतं, कधी अजिबात नसतं. त्यापुढचा टप्पा म्हणजे मध्यस्थ पूर्ण टाळून प्रकल्पच विकत घेणं. कॅनडातल्या शिक्षकांची ओंटारियो टीचर्स योजना १९९० मध्ये स्वतंत्र झाली आणि पुढे याच वाटेने गेली. ती सार्वजनिक क्षेत्रातली असली तरी खासगी योजनांच्या विश्वस्तांनीही तिच्याकडे बारकाईने पाहिलं.

मोठेपण आड येतं तेव्हा

आतापर्यंतचं वाचून वाटेल की निधी जितका मोठा तितकं बरं. तसं सरसकट नाही. शेअर बाजारात निवडक शेअर घेऊन बाजारावर मात करायची असेल, तर मोठेपणाचं ओझं होतं. १ लाख कोटींच्या निधीच्या व्यवस्थापकाला १,००० कोटी मूल्याची एक छोटी, गुणी कंपनी सापडली असं समजू. तिचे ५ टक्के शेअर घेतले तरी ते फक्त ५० कोटी, म्हणजे निधीच्या ०.०५ टक्के. शेअरचा भाव दुप्पट झाला तरी निधीला त्याची चाहूल लागणार नाही. आणि जास्त घ्यायला गेलं तर त्या खरेदीनेच भाव वर चढतो. विकताना उलट होतं: आपल्याच विक्रीने भाव पडतो. जोसेफ चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकी म्युच्युअल फंडांबद्दल हेच दाखवलं. फंड मोठा होत जातो तसा परतावा घटतो, आणि छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांत ही घट सर्वांत तीव्र असते. अभ्यासातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही: एकच फंड फुगल्याने नुकसान होतं, पण तो ज्या कंपनीचा आहे त्या कंपनीकडे बरेच फंड असल्याने होत नाही. मोठी संस्था पैसे वेगवेगळ्या हातांत वाटून ठेवत असेल तर तिचं मोठेपण तितकं नडत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या कर्मचाऱ्यांचा कॅल्पर्स हा निधी सुमारे ३०० अब्ज डॉलरचा होता तेव्हा, २०१४ मध्ये, त्याने हेज फंडांतून, म्हणजे गुंतागुंतीचे व्यवहार करणाऱ्या महागड्या खासगी फंडांतून, पूर्ण बाहेर पडायचं ठरवलं. तिथे अडकलेली रक्कम होती सुमारे ४ अब्ज डॉलर. गुंतागुंत आणि खर्च ही कारणं त्यांनी दिली, शिवाय आमच्या आकाराला पुरेल इतकी ही गुंतवणूक वाढवता येत नाही, असंही सांगितलं. सव्वा-दीड टक्क्याच्या हिश्श्यासाठी एवढी देखरेख करायची आणि एकूण परताव्यावर परिणाम जवळजवळ शून्य, हे त्यांना परवडेना.

इंडेक्स फंडांचं तसं नाही. ते संपूर्ण बाजार थोडा थोडा विकत घेतात, त्यामुळे अवाढव्य रक्कमही त्यांत सहज सामावते. लहान योजनेसाठीही सर्वांत जवळची वाट हीच आहे. शेअर आणि रोख्यांचे स्वस्त इंडेक्स फंड घेऊन ती मोठ्यांच्या खर्चाच्या बरीच जवळ पोहोचू शकते. जी छोटी योजना महागडे सल्लागार आणि महागडे व्यवस्थापक घेऊन मोठ्यांची नक्कल करायला जाते, तिचे सभासद मात्र दोन्हीकडून मार खातात.

मोठी चूकही मोठ्या निधीच्या वाट्याला येते. ब्रिटनमधली यूएसएस ही विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांची योजना तिथल्या सर्वांत मोठ्या खासगी योजनांपैकी एक. लंडनला पाणी पुरवणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीत तिचा जवळपास २० टक्के हिस्सा होता. ती कंपनी कर्जात बुडाली आणि या हिश्श्याची किंमत जवळजवळ पूर्ण पुसली गेली. निधी अफाट असल्याने योजना तगली, पण ज्या दारातून फक्त मोठ्यांनाच आत जाता येतं, तिथे आत प्रत्येक वेळी सोनंच असतं असं नाही.

आकड्यांवर किती विसंबायचं

मोठ्या योजनांचा परतावा जास्त दिसतो, म्हणजे तो आकारामुळेच जास्त आहे हे सिद्ध होत नाही. चांगला परतावा मिळाल्यानेच निधी वाढला असेल, तर कारण आणि परिणाम उलटे होतात. मोठ्या मालकांच्या योजनांना मुळात चांगले विश्वस्त मिळत असतील, तर श्रेय त्यांचं. बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी स्वेच्छेने माहिती देणाऱ्या योजनांची असते. ज्यांची कामगिरी वाईट त्या माहिती द्यायला फारशा उत्सुक नसतात. बंद पडलेल्या योजना तर तुलनेतूनच गळून जातात.

खासगी मालमत्तांच्या बाबतीत मला आणखी एक शंका नेहमी येते. शेअरची किंमत रोज बाजार ठरवतो. इमारतीची किंवा न नोंदलेल्या कंपनीची किंमत मूल्यमापक ठरवतो, तीही काही महिन्यांतून एकदा. त्यामुळे बाजार कोसळला तरी कागदावर त्यांची किंमत संथ उतरते आणि गुंतवणूक आहे त्यापेक्षा कमी जोखमीची दिसते. मोठ्या योजनांच्या फायद्यात यातली न दिसणारी जोखीम पत्करल्याचा मोबदला किती आणि खरं कौशल्य किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून माझा भरवसा खर्चातून आलेल्या फायद्यावर जास्त आहे. खर्च पावतीवर दिसतो, आणि वाचलेला पैसा नक्की वाचलेला असतो.

वेळ हीसुद्धा आकाराची देणगी

परताव्याच्या तक्त्यात न दिसणारी एक बाजू २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये उघड झाली. तिथल्या ठरावीक पेन्शन देणाऱ्या खासगी योजना सरकारी रोखे आणि उसना पैसा यांची जोड घालून भविष्यातल्या देण्यांशी मेळ राखत होत्या. २३ सप्टेंबरला सरकारने करकपातीचा अर्थसंकल्पी कार्यक्रम जाहीर केला, रोख्यांचे भाव गडगडले, आणि उसनवारीपोटी आणखी तारण ताबडतोब द्या अशी मागणी सुरू झाली. मोठ्या योजनांकडे स्वतःचं वेगळं खातं आणि रोज बाजारावर नजर ठेवणारी माणसं होती. त्यांनी पैसे हलवले. अनेक छोट्या योजना एकत्रित फंडांत होत्या. तिथे फंड व्यवस्थापकाने विश्वस्तांकडे पैसे मागायचे, विश्वस्तांनी एकमेकांना गाठायचं, सल्लागाराला विचारायचं, सह्या करायच्या. यात दिवस जात होते आणि बाजार तासांत कोसळत होता. एकत्रित फंडांना मिळेल त्या भावाला रोखे विकणं भाग पडू लागलं, त्याने भाव आणखी पडले. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडने रोखे विकत घ्यायची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबरपर्यंत सुमारे १९.३ अब्ज पौंडांचे रोखे घेतले. संकट सगळ्यांवर सारखंच आलं होतं, उत्तर द्यायला लागणारा वेळ मात्र आकाराप्रमाणे वेगवेगळा होता. वर्षातून मोजक्या बैठका घेणाऱ्या, आपली नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या विश्वस्तांना यात दोष देण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडून ज्या वेगाची अपेक्षा होती त्यासाठी लागणारी यंत्रणाच त्यांच्याजवळ नव्हती.

वाचलेलं कुणाला मिळतं

आकारातून होणारी बचत सभासदापर्यंत आपोआप पोहोचत नाही, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. अमेरिकेतल्या टिबल विरुद्ध एडिसन या खटल्यात योजना अब्जावधी डॉलरची होती. तरी तिने काही फंडांचा किरकोळ ग्राहकांसाठीचा महाग प्रकार घेतला होता, आणि त्याच फंडांचा संस्थांसाठीचा स्वस्त प्रकार उपलब्ध होता. कर्मचारी कोर्टात गेले. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की गुंतवणूक एकदा निवडली की विश्वस्तांचं काम संपत नाही, ती वेळोवेळी तपासत राहणं हेही त्यांचं कर्तव्य आहे. निधी अवाढव्य होता; स्वस्त भाव मागायचाच राहून गेला होता.

चिलीमध्ये १९८१ पासून सभासदांची पेन्शन खाती खासगी कंपन्या सांभाळतात. काही कंपन्या खूप मोठ्या झाल्या, पण शुल्क काही त्या प्रमाणात उतरलं नाही, कारण सामान्य सभासद शुल्क बघून कंपनी बदलत नव्हता. शेवटी सरकारने नव्याने नोकरीला लागणाऱ्यांची खाती सर्वांत कमी शुल्क सांगणाऱ्या कंपनीला द्यायची पद्धत आणली. पहिल्या लिलावात जिंकलेल्या, तोवर अस्तित्वातच नसलेल्या मोदेलो या कंपनीने पगाराच्या १.१४ टक्के एवढं शुल्क लावून २०१० मध्ये काम सुरू केलं. नवी, लहान कंपनी मोठ्यांपेक्षा स्वस्त ठरली, कारण इथे लाखो सभासदांच्या वतीने घासाघीस सरकारने केली होती.

म्हणून मालक कोण, हा प्रश्न आकाराइतकाच महत्त्वाचा ठरतो. योजना सभासदांच्याच हितासाठी चालणारी असेल तर वाचलेला पैसा निधीत राहतो. ती नफा कमावणारी कंपनी चालवत असेल तर तो भागधारकांकडेही जाऊ शकतो. डिक आणि पोमोर्स्की यांनाही आकाराचा फायदा कारभाराच्या दर्जाशी जोडलेला आढळला.

एकत्र येण्याची लाट

अनेक देशांनी यातून धडा घेऊन लहान योजना एकत्र आणायला सुरुवात केली आहे. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे हजार पेन्शन निधी होते, आता ते दोनशेच्याही आत आहेत. अमेरिकेत २०१९ च्या कायद्यानुसार २०२१ पासून एकमेकांशी संबंध नसलेले मालकही एकाच सामायिक योजनेत सामील होऊ शकतात. ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं की ठरावीक वर्गणीच्या मोठ्या कार्यस्थळ योजनांचा मुख्य निधी २०३० पर्यंत किमान २५ अब्ज पौंडांचा असावा. ऑस्ट्रेलियाने आकारापेक्षा निकालावर बोट ठेवलं: २०२१ मध्ये ७६ योजनांची कामगिरी मानदंडाशी ताडून पाहिली, त्यात १३ नापास झाल्या. नापास योजनेला तसं पत्र स्वतःच्या सभासदांना पाठवावं लागतं आणि सलग दोनदा नापास झाल्यास नवे सभासद घेता येत नाहीत. हा मार्ग मला जास्त पटतो. चांगली चालणारी छोटी योजना केवळ छोटी म्हणून मोडीत निघत नाही आणि ढिसाळ मोठी योजना आकाराच्या आड लपत नाही. मात्र त्याची एक किंमत आहे: परीक्षेची धास्ती बसली की व्यवस्थापक मानदंडापासून फार लांब जायला घाबरतात, दीर्घकाळ थांबून फळ देणाऱ्या गुंतवणुकीपासूनही दूर राहतात.

आपली योजना दुसऱ्या मोठ्या योजनेत विलीन होणार असल्याचं पत्र आलं, तर त्यात एकूण निधीचा भला मोठा आकडा ठळक छापलेला असेल. त्याऐवजी चार गोष्टी लेखी मागाव्यात. विलीनीकरणाआधीच्या दोन वर्षांत माझ्या खात्यावर सगळं मिळून किती टक्के खर्च पडला, खरेदी-विक्रीच्या खर्चासकट. नंतरच्या दोन वर्षांत तो किती पडेल असं तुमचं वचन आहे. निधीतला किती भाग रोज बाजारभाव ठरत नाही अशा मालमत्तांत आहे आणि त्यांची किंमत कोण लावतं. आणि खर्च खरोखर कमी झाला, तर त्यातला किती माझ्या खात्यात येईल आणि किती योजना चालवणाऱ्या कंपनीकडे राहील.